घरचा सौना आणि घरचें अंदाजपत्रक

फिनलंड हा युरोपच्या उत्तर टोकास वसलेला देश. त्याची लोकसंख्या छप्पन्न लाखांच्या आसपास आहे. एकट्या पुणें जिल्ह्याची वस्ती याहून बरीच अधिक भरेल. अशा या लहानशा राष्ट्रांत सौन्यांची संख्या मात्र तीस लाखांच्या वर असल्याचें सांगण्यांत येतें. दर दोन माणसांमागें एक सौना! हा आंकडा ऐकून परक्या माणसाची समजूत अशी होते कीं, हें राष्ट्र फार चैनी असावें. भारतांत सौना हा शब्द मोठ्या शहरांतील हॉटेलांत आणि व्यायामशाळांत ऐकूं येतो. त्यामुळें घरांत सौना असणें म्हणजे श्रीमंतीचें लक्षण, असा ग्रह सहज होतो. फिनलंडांतील वस्तुस्थिति अगदीं उलट आहे. तेथें सौना शिक्षकाच्या घरीं असतो, बसचालकाच्या घरीं असतो, आणि शेतकऱ्याच्या घरीं तर असतोच असतो. म्हणून घरचा सौना निवडतांना तेथील सामान्य कुटुंबापुढें जो प्रश्न उभा राहतो, तो चैनीचा नसून संसाराच्या जमाखर्चाचा असतो. आणि तो सोडविण्याची रीत कोणत्याहि गृहस्थानें समजून घेण्याजोगी आहे.

सौना म्हणजे काय, हें प्रथम पाहिलें पाहिजे. लाकडी फळ्यांनीं मढविलेली एक लहान खोली, एका कोपऱ्यांत शेगडी, शेगडीवर रचलेले दगड, आणि भिंतीलगत पायऱ्यांसारखीं दोन वा तीन बाकें, एवढाच त्याचा पसारा. दगड चांगले तापले कीं खोलींतील हवा सत्तर ते शंभर अंश सेंटिग्रेडपर्यंत ऊन होते. मग मंडळी उघड्या अंगानें बाकांवर बसतात आणि मधून मधून पळीनें दगडांवर पाणी टाकतात. पाणी पडतांच त्याची वाफ होऊन ती अंगावर येते. या वाफेला फिनिश भाषेंत 'लोयलू' म्हणतात, आणि तीच सौन्याचा प्राण समजली जाते. अंग तापून घाम सुटला कीं बाहेर यावें, थंड पाणी घ्यावें, किंचित् विसावावें आणि वाटल्यास पुन्हां आंत जावें. एवढ्या उष्णतेंत माणूस भाजत कसा नाहीं, अशी शंका कोणास येईल. पाण्याच्या मानानें हवा शरीरास उष्णता फार सावकाश देते, आणि घाम वाळतांना अंग निवत राहतें, हें त्याचें कारण होय.

घाम काढून शरीर हलकें करण्याची कल्पना भारतासहि अपरिचित नाहीं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील चौदावा अध्याय स्वेदाविषयीं आहे. त्यांत सांगितलेल्या तेरा प्रकारांपैकीं 'जेन्ताक' या प्रकारासाठीं मातीची वाटोळी खोली, भिंतीलगत ओटा आणि मध्यभागीं भट्टी अशी रचना वर्णिली आहे. पण तो वैद्याच्या सांगण्यावरून करावयाचा उपचार होता. फिनिश सौना हा घरचा साप्ताहिक नेम आहे. निवडीचा सगळा विचार या एका भेदांतून निघतो.

हा नेम किती खोल रुजलेला आहे याची साक्ष इतिहास देतो. १९३९ ते १९४४ या काळांत फिनलंडला सोव्हिएट संघाशीं दोन युद्धें करावीं लागलीं आणि शेवटीं कारेलियाचा मोठा भाग सोडून द्यावा लागला. चार लाखांहून अधिक माणसें घरदार टाकून देशाच्या उरलेल्या भागांत आलीं. १९४५ च्या कायद्यानें अशा कुटुंबांना आणि आघाडीवरून परतलेल्या सैनिकांना जमिनी देण्यांत आल्या. हातीं पैसा नाहीं, बांधकामाचें सामान दुर्मिळ, हिंवाळा तोंडावर आलेला. अशा स्थितींत पुष्कळ कुटुंबांनीं पहिल्यानें बांधला तो सौना. त्यांतच तीं राहिलीं, त्यांतच त्यांनीं अन्न शिजविलें, कपडे धुतले, आणि मग सवडीनें घर उभारलें. त्याआधींच्या पिढ्यांत बाळंतिणीची खोलीहि पुष्कळदां सौनाच असे. कारण घरांतील तीच सर्वांत स्वच्छ आणि ऊबदार जागा, आणि गरम पाणीहि तेथेंच हाताशीं. २०२० सालीं युनेस्कोनें फिनलंडच्या सौनासंस्कृतीला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादींत स्थान दिलें.

आतां अशा देशांतील एक मध्यम स्थितीचें कुटुंब कल्पावें. ताम्पेरे शहरांतील बहुमजली इमारतींत राहणारें; आई, वडील, दोन मुलें आणि आजी. घरांत दोघांचे पगार येतात, थोडी शिल्लक गांठीं आहे, आणि नवें घर घेण्याचा विचार चालला आहे. त्या घरांत स्वतःचा सौना असावा कीं नसावा, असल्यास कसा, हा वाद आहे. पुष्कळ लोक अशा वेळीं दुकानांत जाऊन शेगडीची किंमत विचारतात. ही पहिली पायरी नव्हे. आधीं विचारावयाचे प्रश्न तीन आहेत. एका वेळीं किती माणसें बसणार? आठवड्यांतून किती वेळां बसणार? आणि ती खोली तापविण्याचा व राखण्याचा खर्च वर्षानुवर्षें कशांतून निघणार? या तीन प्रश्नांचीं उत्तरें प्रामाणिकपणें दिलीं कीं निवड निम्मी झालीच म्हणावयाची.

पहिला मार्ग सर्वांत स्वस्त आहे. फिनलंडांतील पुष्कळ जुन्या इमारतींत तळघरांत किंवा माथ्यावरच्या मजल्यावर सर्व बिऱ्हाडांसाठीं मिळून एक सौना असतो. प्रत्येक कुटुंबानें आठवड्यांतील एक तास आपल्या नांवें लावून घ्यावयाचा. त्याबद्दल महिन्याला साधारणपणें दहा ते तीस युरो पडतात. खोली ऐसपैस, शेगडी दांडगी, आणि दुरुस्तीचा भार गृहसंस्थेवर. उणीव एवढीच कीं, वेळ आपल्या हातची नसते. शनिवार हा सौन्याचा परंपरागत वार. त्या संध्याकाळचा तास मिळण्यास जुन्या बिऱ्हाडकरूची पाळी सुटण्याची वाट पाहावी लागते. ज्या काळीं इमारतींत तीहि सोय नव्हती, त्या काळीं कामकरी वस्तीसाठीं सार्वजनिक सौने निघाले. ताम्पेरे येथील रायापोर्त्ती हा १९०६ चा, तर हेलसिंकींतील कोतिहार्यु हा १९२८ चा. तिकीट काढून जावयाची ती सोय शहरांतून अजूनहि आढळते.

दुसरा मार्ग म्हणजे बिऱ्हाडांतच स्वतःचा सौना. विजेची शेगडी १९३० च्या दशकाच्या अखेरीस तेथें बाजारांत आली, आणि पुढें १९८० नंतरच्या बांधकामांत लहानसहान बिऱ्हाडांतहि न्हाणीघराला लागून सौन्याची कोठडी काढण्याचा प्रघात पडला. येथेंच हिशेब नीट मांडला पाहिजे. शेगडीला कांहीं शे युरो पडतात, फळ्या आणि बाकें यांना आणखी कांहीं. पण खरी किंमत या वस्तूंची नसून पायाखालच्या जमिनीची असते. कोठडीस तीन चौरस मीटर जागा लागते असें धरावें, आणि घराचा भाव चौरस मीटरास ४,००० युरो कल्पावा. म्हणजे नुसत्या जागेचेच १२,००० युरो झाले. सामाईक सौन्याचा तास महिना वीस युरोंचा धरला तर वर्षाचे २४० युरो होतात; त्या हिशेबानें १२,००० युरोंत पन्नास वर्षें सौना घेतां येतो! अर्थात् घर विकतांना जागेचे पैसे परत येतात, हेंहि विसरतां कामा नये. परंतु कर्ज काढून घेतलेल्या जागेवर व्याज चालूं असतें, तें मात्र परत येत नाहीं. ज्या घरांत लहान मुलें आहेत, ज्यांना आठवड्यांतून तीनचारदां सौना लागतो, किंवा ज्यांच्या कामाच्या पाळ्या आडवेळेच्या आहेत, त्यांना हा खर्च शोभतो. ज्यांना महिन्यांतून एकदां आठवण होते, त्यांना तो शोभत नाहीं.

स्वतःचा सौना घ्यावयाचें ठरलेंच, तर शेगडी किती मोठी घ्यावी, याचें एक सोपें गणित आहे. चांगल्या मढविलेल्या खोलींत दर घनमीटर हवेस सुमारें एक किलोवॅट शक्ति लागते. खोली दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि २.१ मीटर उंच असेल, तर तिचें घनफळ ६.३ घनमीटर भरतें, आणि सहा किलोवॅटची शेगडी तिला पुरते. परंतु आजकाल दर्शनी भिंत कांचेची करण्याची आवड वाढली आहे. कांच, वीट किंवा फरशी यांच्या उघड्या पृष्ठभागांतून उष्णता झपाट्यानें जाते. म्हणून अशा प्रत्येक चौरस मीटरामागें घनफळांत सुमारें १.२ घनमीटर मिळवून हिशेब करावा, असा नियम आहे. दोन चौरस मीटर कांच लावली कीं वरील खोलीचा हिशेब ८.७ घनमीटरांवर जातो, आणि सहाच्या जागीं आठ किंवा नऊ किलोवॅटची शेगडी घ्यावी लागते. म्हणजे कांचेचे पैसे एकदां दुकानांत द्यावयाचे, आणि नंतर दर शनिवारीं वीजबिलांत द्यावयाचे. शिवाय एवढी शेगडी भिंतींतल्या साध्या खटक्यावर चालत नाहीं. तिला तीन फेजची स्वतंत्र जोडणी परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावी लागते. जुन्या इमारतींत तेवढा भार सोसेल कीं नाहीं, हें शेगडी विकत घेण्यापूर्वीं पाहावें. नंतर पाहिल्यास शेगडीहून जोडणी महाग पडण्याचा संभव असतो.

आतां चालूं खर्च पाहूं. सहा किलोवॅटची शेगडी दीड तास पूर्ण चालली तर नऊ युनिट वीज खाते. वस्तुतः खोली तापल्यावर ती मधून मधून बंद होते, तरी नऊच धरावे. युनिटचा दर पंधरा सेंट कल्पिला तर एका वेळचा खर्च १.३५ युरो, आणि आठवड्यांतून एकदां याप्रमाणें वर्षाचे सत्तर युरो. तीच शेगडी रोज लावली तर वर्षाला चारशें नव्वद युरोंवर जातें. यावरून दिसेल कीं, शेगडी शंभर युरोंनीं स्वस्त कीं महाग यापेक्षां ती किती वेळां लावावयाची याचें वजन घरखर्चांत अधिक आहे. २०२२ सालीं युक्रेनवर रशियाचें आक्रमण झाल्यानंतर युरोपांत विजेचे भाव भडकले. त्या शरदांत फिनलंडांत वीज वांचविण्याची सरकारी मोहीम निघाली, आणि सौना बेतानें तापवावा असें लोकांस सांगण्यांत आलें. लोकांनीं सौना सोडला नाहीं. दोनदांच्या जागीं एकदां तापविला, आणि सर्वांनीं एकाच वेळीं बसावें अशी व्यवस्था केली. तासागणिक बदलणाऱ्या दरानें वीज घेणारीं कुटुंबें भाव पडला असेल तो तास साधूं लागलीं. जें कुटुंब एकत्र बसतें, त्याचा सौना स्वस्त पडतो, हा धडा त्या हिंवाळ्यानें दिला.

तिसरा मार्ग लांकडाच्या शेगडीचा. फिनलंडांत सुमारें पांच लाख उन्हाळी घरें आहेत. तळ्याकांठीं, झाडींत, शहरापासून दूर. अशा घराचा सौना बहुधा लांकडावर चालतो. त्याचा लोयलू मऊ असतो, असें जाणते लोक सांगतात, आणि तळ्यांत उडी मारण्याचें सुख विजेच्या कोठडींत कोठून मिळणार? स्वतःच्या रानांतील वाळलेलें बर्च असेल तर जळणाचा खर्च नाममात्र होतो. पण धुराडें पक्कें बांधावें लागतें, तें नियमानें झाडून घ्यावें लागतें, शेगडी आणि लांकडी भिंत यांमध्यें ठराविक अंतर सोडावें लागतें, आणि फोडलेलें जळण निदान एक उन्हाळा वाळवावें लागतें. ज्याला कुऱ्हाड हातीं धरण्याची हौस आणि सवड आहे त्यानें हा मार्ग धरावा. शहरांतल्या बिऱ्हाडांत तो बहुधा शक्यच नसतो.

चौथी वस्तु सौना या नांवानें विकली जाते ती अवरक्त किरणांची पेटी. ती किंमतीनें हलकी, साध्या खटक्यावर चालणारी, आणि कोपऱ्यांत मावणारी असते. तिच्यांत दगड नाहींत, पाणी नाहीं, वाफ नाहीं. हवा साधारण पंचेचाळीस ते साठ अंशांपर्यंत तापते. अंग शेकण्यास ती बरी. फिनिश माणूस मात्र तिला सौना म्हणत नाहीं. विक्रेते अशा पेट्यांबरोबर हृदयाच्या आरोग्याच्या गोष्टी सांगतात, म्हणून येथें एक खुलासा केला पाहिजे. पूर्व फिनलंडांतील २,३१५ मध्यमवयीन पुरुषांची सुमारें वीस वर्षें पाहणी करून २०१५ सालीं एक निबंध प्रसिद्ध झाला. आठवड्यांतून चार ते सात वेळां सौना घेणाऱ्यांत हृदयविकारानें अकस्मात् मृत्यु येण्याचें प्रमाण एकदांच घेणाऱ्यांहून बरेंच कमी आढळलें. पण हें निरीक्षण आहे, सिद्धता नव्हे. निरोगी माणूसच अधिक वेळां सौन्यांत बसत असेल, हेंहि संभवतें. आणि ती पाहणी दगडांच्या पारंपरिक सौन्याची होती, किरणांच्या पेटीची नव्हे. ज्यांना हृदयाचा किंवा रक्तदाबाचा विकार आहे, त्यांनीं आणि गरोदर स्त्रियांनीं वैद्याचा सल्ला घ्यावा. मद्य पिऊन तर कोणींहि आंत बसूं नये.

काटकसर कोठें करावी आणि कोठें करूं नये, हें शेवटीं महत्त्वाचें. रंगीत दिवे, कांचेची भिंत, तळहाताएवढ्या यंत्रावरून शेगडी चालूं करण्याची सोय, हें सर्व गाळतां येतें. बाकांना महागडें लांकूडच पाहिजे असें नाहीं. गांठ नसलेलें ॲस्पेन किंवा आल्डर पुरतें, कारण गांठ तापून अंगाला चटका देते. पण फळ्यांमागें उष्णतारोधक थर आणि ॲल्युमिनियमचा पत्रा नीट बसविला नाहीं तर वाफ भिंतींत मुरते आणि कांहीं वर्षांत लांकूड कुजतें. तेथें हात आंखडूं नये. ताजी हवा आंत येण्यास आणि कोंदट हवा बाहेर जाण्यास वाट हवी. नाहीं तर गुदमरल्यासारखें होतें आणि मुलें पुन्हां आंत येत नाहींत. वरचें बाक इतक्या उंचीवर असावें कीं बसणाराचे पाय दगडांच्या पातळीस किंवा त्याहून वर येतील. नाहीं तर डोकें तापतें आणि पाय गार राहतात. वृद्धांसाठीं खालचें बाक रुंद करावें आणि कठडा लावावा. आजीला वर चढवत नसेल तर ती खालीं मंद उष्णतेंत बसेल, पण बसेल सर्वांबरोबर. दगडहि तापून निवून भुगा होतात. ते वर्षांतून एकदां उपसून पाहावे आणि फुटके बदलावे. या कामास पैसा थोडा लागतो, लक्ष अधिक लागतें.

कामानिमित्त हेलसिंकी आणि एस्पो या शहरांत जाऊन राहिलेलीं मराठी कुटुंबेंहि आज आहेत. भाड्याच्या घरांत न्हाणीघराला लागून त्यांना एक लांकडी कोठडी आढळते, आणि तिचें काय करावें तें उमजत नाहीं. मग तींत प्रवासाच्या पेट्या, लोणच्याच्या बरण्या आणि हिंवाळी कपडे जातात. फिनिश कुटुंबेंहि ही चूक करतात, म्हणून त्यांना हंसण्याचें कारण नाहीं. परंतु यांत धोका आहे. शेगडीवर किंवा तिच्याजवळ ठेवलेल्या वस्तु, आणि शेगडीवर वाळत घातलेले कपडे, ही तेथील घरगुती आगींचीं एक परिचित कारणें आहेत. लहान मुलाच्या हातून खटका फिरला कीं पुरे. कोठडी वापरावयाची नसेल तर शेगडीचा वीजपुरवठा जाणकाराकडून तोडून घ्यावा. त्याहून बरें म्हणजे ती रिकामी करून शनिवारीं तापवावी. घरच्या माणसांखेरीज इतरांबरोबर बसावयाचें असल्यास पुरुषांनीं आणि स्त्रियांनीं निरनिराळें बसण्याची रीत तेथें आहेच; तेव्हां संकोचाचेंहि कारण उरत नाहीं.

वर कल्पिलेल्या ताम्पेरेच्या कुटुंबानें काय करावें? मुलें लहान असून आठवड्यांतून तीन वेळां सौना होत असेल, तर कांच टाळून, सहा किलोवॅटच्या शेगडीची साधी कोठडी असलेलें घर त्यानें घ्यावें. एकदांच होत असेल, तर सौना नसलेलें घर घेऊन इमारतींतील तास लावावा, आणि वांचलेल्या पैशांत कर्ज लवकर फेडावें. दोन्ही निर्णय योग्य आहेत. कारण दोन्ही त्या घराच्या सवयीवरून निघाले आहेत, शेजाऱ्याच्या सौन्यावरून नव्हे. अडगळीनें भरलेला सौना कितीहि सवलतीनें मिळाला असला तरी तो महागच पडला. आणि ज्यांत शनिवारीं आजीपासून नातवंडापर्यंत सर्व घर एका बाकावर येऊन तासभर स्वस्थ बसतें, तो उसना घेतलेला असला तरी त्याची किंमत वसूल झाली असें समजावें.